म्हणजे साहेब

कंपनीत त्यांचं खरं नाव फारसं कुणी घेत नसे. गेटवरच्या वॉचमनपासून थेट कँटीनच्या आचाऱ्यापर्यंत सगळे त्यांना ‘म्हणजे साहेब’ म्हणायचे. त्यांच्यासमोर कुणी काहीही बोललं, की ते मान जराशी तिरपी करायचे आणि विचारायचे, ‘‘म्हणजे?’’ एखादा कामगार रजा मागायला आला आणि म्हणाला, ‘‘साहेब, अंगात कसर हाय,’’ की यांचं सुरू. ‘‘म्हणजे? कसर म्हणजे ताप, की ताप यायच्या आधीचं?’’ तो बिचारा विचारात पडायचा. ‘‘आधीचं म्हना.’’ ‘‘आणि कणकण?’’ ‘‘ती येगळी साहेब. कणकणीत थंडी वाजती.’’ हे ऐकून साहेबांना इतका आनंद व्हायचा, की रजा एका दिवसाची मागितली असली तर ते दोन दिवसांची द्यायचे.

ते आमच्या कंपनीत कामगार कल्याण अधिकारी होते. कंपनी पिंपरीच्या पुढे, मुंबई रस्त्याला लागून. मी त्याच खात्यात टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा त्यांच्याविषयी मला पहिली सूचना मिळाली ती अशी, की त्यांच्या टेबलाखाली वाकून बघायचं नाही. अर्थात मी पहिल्याच दिवशी बघितलं. खाली नुसते मोजे होते. सकाळी आल्याबरोबर ते बूट काढून कपाटात ठेवायचे आणि दिवसभर खात्यात, यंत्रांच्या शॉपमध्ये जायचं नसेल तर, मोज्यांवर फिरायचे. मी धीर करून कारण विचारलं. ‘‘बूट वाजतात,’’ ते म्हणाले. ‘‘माणूस दाराशी येतो, आत यायच्या आधी काहीतरी स्वतःशीच पुटपुटतो. ते सगळ्यांत खरं असतं. बुटांच्या आवाजात ते ऐकू येत नाही.’’

उंच, किडकिडीत, केस नेहमी एका बाजूला उभे राहिलेले. आवाज मात्र मऊ. ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

ते भाषाशास्त्राचे एम. ए. होते. कारखान्यात भाषाशास्त्राचा एम. ए. काय करतो, हा प्रश्न नव्या माणसाला पडायचाच, आणि जुनी माणसं त्याचं उत्तर आपापल्या मगदुराप्रमाणे द्यायची. कुणी म्हणे, परीक्षेत पहिले आले पण डोक्यावर परिणाम झाला. कुणी म्हणे, मोठ्या साहेबांचे नातेवाईक आहेत. खरी हकीकत त्यांनीच मला एकदा सांगितली. बासष्टच्या सुमारास त्यांच्या गुरुजींनी त्यांना इकडच्या गावांमधली बोली ऐकून टिपायला पाठवलं होतं. महिनाभराचं काम. तेव्हा या भागात सगळीकडे ज्वारी-बाजरीची शेतं, आणि मधेच कुठंतरी तारेचं कुंपण घालून कारखान्याचा पाया खणणं चाललेलं. साहेब एका म्हाताऱ्या पाटलाच्या ओसरीवर बसून, नांगराच्या एकेका भागाला काय म्हणतात ते विचारत होते. पाटील म्हणाला, ‘‘लिवून घ्या, लिवून घ्या. पुढल्या सालाला नांगर ऱ्हायचा न्हाई आन् त्येची नावं बी ऱ्हायची न्हाईत.’’

महिना संपला, गुरुजींकडचं काम संपलं, पुढे जागा काही मिळाली नाही. तेवढ्यात इथल्या कंपनीला एक असा माणूस हवा होता, की ज्याचं गावकऱ्यांशी जमतं आणि जो साहेबलोकांना इंग्रजीत रिपोर्ट देऊ शकतो. साहेब म्हणाले, ‘‘मी म्हटलं, वर्षभर करू. मग बघू.’’ मी कंपनीत लागले तेव्हा त्यांचं ते वर्ष अजून चालूच होतं.

दुपारच्या जेवणाला ते अधिकाऱ्यांच्या खोलीत कधी बसले नाहीत. कामगारांच्या बाकांवर डबा घेऊन बसायचे. एकदा मोठं भांडण लागलं. साताऱ्याकडचा एक जण आमटीला ‘कोरड्यास’ म्हणाला. त्यावर मालवणचा एक फिटर हसला, की एवढी पातळ आमटी, तिला कोरडी कसं म्हणता? साहेबांनी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं आणि दोघांच्या मधे जाऊन बसले. मग कुणी कालवण म्हणालं, कुणी रस्सा म्हणालं, मावळातला एक जण हे सगळे वेगवेगळे पदार्थ आहेत असं शपथेवर सांगू लागला. शेवटी साताऱ्याचा म्हातारा कामगार वैतागून बोलला, ‘‘आरं, कोरडी भाकर खायाची कशासंगं? कोरड्याला लावायला ते कोरड्यास!’’ भोंगा झाला तरी कुणी उठेना. फोरमन ओरडत आला तेव्हा साहेबांचा डबा तसाच होता, आणि चेहऱ्यावर जेवल्याचं समाधान.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही दापोडीचे. वडील गाड्यांच्या वर्कशॉपात हेल्पर. आमच्या गल्लीच्या टोकाला बुद्धविहार होतं, आणि त्या गल्लीत बी. ए. झालेली मी पहिली मुलगी. मला दोन मराठी येत होत्या. घरात ‘न्हाई’ आणि ‘हाय’, शाळेत ‘नाही’ आणि ‘आहे’. चौथीत बाईंनी मला उभं करून ‘पाणी’ शब्द वर्गासमोर पुन्हा पुन्हा म्हणायला लावला होता, कारण मी ‘पानी’ म्हणायचे. मी तो शिकले. इतका पक्का शिकले, की घरी गेल्यावरसुद्धा ‘पाणी’ म्हणू लागले आणि आई म्हणाली, ‘‘कुनाची बोलती गं तू?’’ तेव्हापासून माझ्या मनानं घेतलं होतं, की या दोन मराठींपैकी एक खोटी आहे, आणि ती कुठली हे मला ठरवता येत नव्हतं.

हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा नेहमीचं ‘म्हणजे’ आलं नाही. त्यांनी हातातली फाइल खाली ठेवली. मग म्हणाले, ‘‘पाणी अशुद्ध असतं. हवा अशुद्ध असते. बोलणं अशुद्ध असतं हे मला एम. ए.ला कुणी शिकवलं नाही.’’ आणि फाइलमध्ये डोकं घातलं. मी त्या दिवशी टाइप केलेल्या पत्रांत बऱ्याच चुका झाल्या.

माझं आयुष्य ज्या प्रसंगानं वळलं तो मात्र चौकशीचा.

ड्रिल मशीनवरच्या एका कामगारानं इंजिनियरला धमकी दिली, अशी तक्रार आली. कामगार परभणीकडचा, तिशीचा, घरात बायको आणि तीन मुलं. इंजिनियर कानपूरकडचा, नुकताच रुजू झालेला, वयानं त्याच्याहून लहान. आदल्या आठवड्यात दोघांची काहीतरी बोलाचाली झाली होती. त्यातच ही तक्रार. वरिष्ठाला धमकी म्हणजे नोकरी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चौकशीसाठी पुण्याहून एक वकील आले. मी जबान्या टाइप करायला, आणि साहेब खात्यातर्फे बाजूच्या खुर्चीवर.

इंजिनियरची तक्रार इंग्रजीत होती. तीत लिहिलं होतं, की हा माणूस मला म्हणाला, ‘आय विल सी यू.’ वकिलांनी त्याला तोंडी विचारलं, ‘‘तो नक्की काय बोलला? त्याच्या शब्दांत?’’ इंजिनियर आठवून म्हणाला, ‘‘उसने कहा, तुमी जा साहेब, मी बघून घेतो.’’

वकील माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘लिहा. ही सेड, यू गो, आय विल सी यू.’’

माझी बोटं मशीनवर होती. टायपिस्टनं चौकशीत तोंड उघडायचं नसतं, हे मला माहीत होतं. पण ते शेवटचं ‘यू’ माझ्याच्यानं टाइप होईना.

‘‘साहेब,’’ मी म्हणाले, ‘‘यात ‘तुला’ कोण म्हणालं?’’

‘‘काय?’’

‘‘तो ‘बघून घेतो’ म्हणाला. ‘तुला बघून घेतो’ किंवा ‘तुम्हाला बघून घेतो’ म्हणाला नाही. ‘यू’ कुठून आलं?’’

वकील रागावले. ‘‘तुम्ही टाइप करा. अर्थ मी बघतो.’’

आणि तेव्हा बाजूच्या खुर्चीवरून साहेब उठले. सवयीप्रमाणे बूट काढून बसले होते. मोज्यांवर चालत वकिलांच्या टेबलापाशी आले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, ‘‘आत्ता आपणही तेच म्हणालात. अर्थ मी बघतो. आपण कुणाला धमकी दिलीत का?’’

खोलीत हसू फुटलं. वकीलही हसले, पण लगेच सावरून म्हणाले, ‘‘म्हणजे हे वाक्य धमकी नाही, असं तुमचं म्हणणं?’’

‘‘असू शकतं,’’ साहेब म्हणाले. ‘‘मी खोटं सांगणार नाही. ‘बघून घेतो’ ही धमकी होऊ शकते, आणि ‘तुम्ही काळजी करू नका, मी सांभाळतो’ हेही होऊ शकतं. शब्द तेच. कशाकडे बघणार ते वाक्यात नाही, म्हणून ते वाक्याच्या बाहेर शोधायचं.’’ मग ते इंजिनियरकडे वळले. ‘‘आप दोनों किस बात पर बोल रहे थे?’’

‘‘मशीन का पट्टा आवाज कर रहा था,’’ इंजिनियर म्हणाला. ‘‘मैंने कहा बंद करो, मेन्टेनन्स को बुलाओ. लंच का टाइम हो गया था.’’

‘‘तब उसने यह कहा?’’

‘‘जी.’’

‘‘कहने के बाद उसने क्या किया? आपकी तरफ आया?’’

इंजिनियरनं डोळे मिटले. तो प्रामाणिक मुलगा होता, हे मी आजही सांगेन. तो प्रसंग डोळ्यांसमोर आणत असावा. मग हळूच म्हणाला, ‘‘नहीं. वो नीचे झुका. पट्टे की जाली खोलने लगा.’’

तो परभणीचा कामगार इतका वेळ खाली मान घालून बसला होता. त्यानं मान वर केली. ‘‘मी मशीनीचं बोल्लो होतो साहेब. तुमी जेवायला जा, मी बघून घेतो. मला दुसरं कसं म्हनावं ते येत नाई.’’

इंजिनियर स्वतःच म्हणाला, ‘‘सर, मुझे शिकायत वापस लेनी है. हमारे यहाँ ‘देख लूँगा’ सुनते ही आदमी लाठी ढूँढता है.’’

त्या संध्याकाळी मी घरी चालत गेले. बसची वाट पाहायची उसंत नव्हती. एका माणसाचं घर ‘यू’ एवढ्याशा शब्दावर उभं होतं, आणि तो शब्द कुणी बोललंच नव्हतं. हे शास्त्र शिकवतात, त्याची पदवी मिळते, आणि मी इथे बसून टायपिंग करतेय, हे मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, ‘‘मला भाषाशास्त्राचं एम. ए. करायचंय.’’ वाटलं होतं, ते खूश होतील. त्यांनी पेनचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, ‘‘करू नका.’’

‘‘का?’’

‘‘माझ्याकडे बघा. मी इथं लोकांना रजा देतो आणि कँटीनच्या भाताची चव घेतो. माझ्याबरोबरचा एक जण शाळामास्तर झाला. एकानं वडिलांचं किराण्याचं दुकान घेतलं. एक जण प्राध्यापक झाला, पण इतिहासाचा. तुमची नोकरी कायम झालीय. पुण्यात पर्सोनेलचा संध्याकाळचा डिप्लोमा आहे, फी कंपनी भरते, पुढे बढती ठरलेली. तुमच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी तोच करतेय. तो करा.’’

‘‘पण काल तुम्ही त्या माणसाची नोकरी वाचवलीत.’’

‘‘काल तुम्ही वाचवलीत. आणि त्याला पदवी लागली नाही, लागली का?’’

मी जागेवर जाऊन बसले. अर्ध्या तासानं पुन्हा त्यांच्यापुढे उभी राहिले. ‘‘मला ‘यू’ खुपलं, पण का खुपलं ते मला सांगता आलं नसतं. तुम्ही सांगितलंत. म्हणून वकिलांनी ऐकलं.’’

‘‘तुमच्या वडिलांना भेटायला हवं,’’ एवढंच साहेब म्हणाले.

आणि खरंच, पुढच्या रविवारी सकाळी ते दापोडीला आमच्या दारात हजर. बूट बाहेर काढून आत आले, सतरंजीवर मांडी घातली. आईनं चहा केला. वडील ठेवणीतला शर्ट घालून समोर बसले. ते मोजकं बोलणारे, पण आडपडदा नसलेले.

‘‘साहेब,’’ वडील म्हणाले, ‘‘शिकू नको असं या घरात कुनी म्हननार न्हाई. आमी उपाशी ऱ्हाऊ पन शिकू नको म्हननार न्हाई. पन पुढल्या सालाला मी रिटायर हुतोय. धाकटा अजून शाळंत हाय. हिच्या पगारावर घर चालायचं. ती नोकरी सोडून हिनं हे शिकलं, तर म्होरं काय हुतं, ते मला तुमी सांगा. तुमी शिकलेत म्हनून इच्यारतो.’’

‘‘काही होईलच असं नाही,’’ साहेब म्हणाले.

मी कपाळाला हात लावायची बाकी होते.

‘‘नोकरी मिळेल असं मी सांगू शकत नाही,’’ साहेब पुढे म्हणाले. ‘‘मला मिळाली नाही. डॉक्टर, वकील, इंजिनियर यांना दारावर पाटी लावता येते. आमच्या विषयाची पाटी लावली, तर लोक विचारतील, इथं काय विकत मिळतं?’’

‘‘मंग तुमी का शिकला?’’

साहेबांना इतक्या सरळ प्रश्नाची सवय नसावी. सगळ्यांना ‘म्हणजे’ विचारणारे ते, त्यांना उलट कुणी विचारत नसे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘‘मला गंमत वाटायची,’’ ते म्हणाले. ‘‘माणसं बोलतात कशी, याची.’’

‘‘आन् आता?’’

‘‘आताही वाटते. रोज वाटते.’’

बाहेर नळावर बायकांचा आवाज चालला होता. मग वडील म्हणाले, ‘‘मी तीस वर्सं वर्कशॉपात काढली. इमानानं काढली. पन सकाळी उठून, आज कामावर काय गंमत हुईल, असं मला येक दिवस बी वाटलं न्हाई. असं वाटनारा मानूस मी आज पयल्यांदा बघतोय.’’ ते माझ्याकडे वळले. ‘‘तुला वाटती का गं?’’

‘‘वाटते बाबा.’’ मग माझंच मला ऐकू आलं आणि मी म्हणाले, ‘‘वाटती.’’

‘‘मंग कर,’’ ते म्हणाले. ‘‘पन साहेब, नोकरी जाता कामा नये. ते तुमी बघून घ्या.’’

वडिलांना चौकशीतल्या वाक्याची काही कल्पना नव्हती. साहेब एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आईनं पाणी आणून दिलं. जाताना मात्र ते गंभीर होते. ‘‘बघून घेतो,’’ असं वडिलांना म्हणाले आणि बूट हातात घेऊनच गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले.

साहेबांनी इतक्या वर्षांत स्वतःसाठी मोठ्या साहेबांकडे काही मागितलं नव्हतं. बढतीसुद्धा नाही. सोमवारी ते बूट घालून त्यांच्या केबिनमध्ये गेले, तेव्हा अख्ख्या खात्यानं माना वर केल्या. त्यांचं मागणं असं होतं. टायपिस्ट बाईंना सकाळी पुण्याला वर्गाला जाऊ द्यावं. दुपारी त्या येऊन टायपिंग करतील, पगार अर्धा घेतील. आणि आठवड्यातून तीन दिवस, बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांना तासभर मराठी शिकवतील. एका चुकीच्या समजुतीपायी एका कामगाराची नोकरी जायची वेळ आली होती, ती पुन्हा येऊ नये.

मोठे साहेब म्हणाले, ‘‘कोण शिकणार आहे मराठी? यांना घरी जायची घाई असते.’’

तेव्हा आमच्या साहेबांनी दार उघडून बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत बोलावलं. तो कानपूरचा इंजिनियर होता. ‘‘मुझे सीखनी है सर,’’ तो म्हणाला. ‘‘पहला नाम मेरा लिखिए.’’

अशी माझी दोन वर्षं सुरू झाली. अर्ध्या पगारात घर ओढणं सोपं नव्हतं. वडिलांनी रिटायर झाल्यावर एका गोदामावर राखणीचं काम धरलं, आईनं शिवणकाम घेतलं. मला याचं ओझं वाटायचं आणि वर्गात बसले की ते विसरायचे, याचंही वाटायचं. दुपारी धापा टाकत कंपनीत पोचले की साहेब वाट बघत असायचे. ‘‘आज काय झालं?’’ मी वही उघडून दाखवायची. त्यांच्या वेळचं शास्त्र आणि आमच्या वेळचं शास्त्र यांत बरंच अंतर पडलं होतं. आम्हाला वाक्यांची झाडं, म्हणजे कुठला शब्द कुठल्या शब्दाशी जोडलेला ते दाखवणाऱ्या आकृत्या, काढायला शिकवायचे. साहेबांना ती मुळीच पसंत नव्हती. ‘‘झाड म्हणता आणि मूळ वर, फांद्या खाली? आणि ही वाक्यं कोण बोललं? प्राध्यापकानं खुर्चीत बसून बनवली? माणूस कुठंय यात?’’ मी वाद घालायची. ते वाद घालायचे. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण डिप्लोमाचा अभ्यास करता करता कानांत बोटं घालायची. एक दिवस मात्र मी पोचल्याबरोबर ते म्हणाले, ‘‘रात्री मी ‘बघून घेतो’चं झाड काढून बघितलं. एक फांदी रिकामी ठेवावी लागते. तुमच्या झाडात दम आहे.’’

एम. ए. झाले. वर्ग चांगला मिळाला. आणि त्यानंतर साहेबांनी आमच्या सतरंजीवर बसून सांगितलं होतं तेच झालं. कॉलेजांत मुलाखतींना गेले, तर मराठी साहित्याचा माणूस हवा असायचा. एकांनी मला विचारलं, ‘‘भाषाशास्त्र म्हणजे तुम्हाला किती भाषा येतात?’’ मी म्हटलं, ‘‘दोन. दोन्ही मराठी.’’ ती जागा अर्थातच मिळाली नाही. डिप्लोमावाली मैत्रीण अधिकारी झाली. तिचा पगार तेव्हा माझ्यापेक्षा जास्त होता, पुढेही कायम जास्तच राहिला. या पदवीचा फायदा काय, असं मला कुणी विचारलं तर मी हे आधी सांगते.

पण अधिकाऱ्यांचा मराठीचा वर्ग वाढत गेला. कानपूरच्या इंजिनियरनं सहा महिन्यांत अशी मराठी उचलली, की तो शॉपमध्ये ‘राव’ आणि ‘भावा’शिवाय बोलेना. ते बघून भोसरीच्या एका कंपनीनं बोलावलं, मग आणखी दोघांनी. जाण्यायेण्याचा खर्च धरूनही टायपिंगपेक्षा बरं सुटू लागलं, तेव्हा मी टायपिंग सोडलं. धाकटा भाऊ माझ्या पैशावर इंजिनियर झाला. चिंचवडच्या कॉलेजात अर्धवेळ शिकवायला मिळालं. श्रीमंत झाले नाही. पण वर्गात जाताना आज काय ऐकायला मिळेल, ही उत्सुकता असायची. वडिलांना ती माझ्या चेहऱ्यावर दिसायची, आणि ते ती शेजाऱ्यांना सांगायचे.

साहेब त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास रिटायर झाले. चिंचवडमध्ये त्यांचं छोटं घर होतं, बायको शाळेत शिक्षिका होती. मला वाटलं, आता आराम करतील. महिन्याभरानं त्यांचा निरोप आला, संध्याकाळी या, कामाचं आहे.

मी गेले तर ते मला घरात न बसवता कॉलनीमागच्या मैदानावर घेऊन गेले. कारखान्यांतल्या लोकांची घरं चारी बाजूंनी, आणि मधे पोरं खेळत होती. कोकणातल्यांची, मराठवाड्यातल्यांची, विदर्भातल्यांची, उत्तरेकडच्यांची, केरळातल्यांची, आणि जुन्या गावकऱ्यांचीही. आम्ही कठड्यावर बसलो. ‘‘नुसतं ऐका,’’ ते म्हणाले.

आठ-नऊ वर्षांची एक मुलगी कमरेवर हात ठेवून बॅटवाल्याला ओरडत होती, ‘‘ए भावा, कवापासून थांबून राहिली ना मी! माझी बारी आली तरी देऊन नाय राहिला तू!’’

साहेबांनी माझा दंड धरला. ‘‘हे वाक्य कुठलं? ‘कवापासून’ इकडचं. ‘थांबून राहिली’ थेट नागपूरकडचं. ‘बारी’ तिसरीकडचं. आणि बोलण्याची चाल बघा, चाल कुठलीच नाही यातली. मी आठ दिवस ऐकतोय.’’ मग न राहवून त्यांनी मुलीला हाक मारली. ‘‘बाळ, तू कुठली गं?’’

‘‘इथली.’’

‘‘तसं नाही. तुझे आईबाबा कुठले?’’

‘‘ते गावचे,’’ ती म्हणाली. ‘‘मी इथली.’’ आणि पळाली. तिची बारी आली होती.

साहेब कठड्यावर बसून राहिले. ‘‘मी तीस वर्षांपूर्वी इथं आलो,’’ ते म्हणाले, ‘‘तेव्हा मला सांगितलं होतं, जुने शब्द मरायच्या आत गोळा करून आण. मी आयुष्यभर समजत होतो, की मी उशिरा पोचलो. आज मला वाटतंय, मी लवकर आलो होतो. ही भाषा आत्ता कुठं बोलायला लागलीय. ही कुणी टिपली नाही अजून.’’ थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, ‘‘तुमच्या विभागात साठीच्या माणसाला संशोधनाला घेतात?’’

मला हसू आलं नाही. ‘‘विचारते,’’ म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना घेऊन पुण्याला गेले. विभागप्रमुख माझ्याच वेळचे, साहेबांहून वयानं बरेच लहान. त्यांनी खुर्ची दिली, चौकशी केली आणि मग प्रत्येकाला विचारतात तेच विचारलं, ‘‘या विषयात पुढे काही मिळेल असं मी सांगू शकत नाही. तरी का करायचं आहे?’’

साहेबांनी घसा साफ केला. वाटलं, काही भाषण करतील. त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि त्या मुलीचं वाक्य, तिच्या चालीत, तिच्या चढउतारांसकट म्हणून दाखवलं.

बाजूच्या टेबलावर दोन विद्यार्थी काहीतरी लिहीत होते, ते थांबले. प्रमुखांनी पेन खाली ठेवलं.

‘‘पुन्हा एकदा म्हणता का?’’ ते म्हणाले.

साहेब पुढे सरकून बसले, आणि त्यांनी पुन्हा म्हटलं.